टाच नसलेलं पाऊल

शुक्रवारी दुपारी मी डुलकी काढून उठले, चहाची पावडर आणायला किचनकडे गेले आणि दारातच थबकले. काळ्या फरशीच्या नमुन्यावर एक पाऊल उमटलं होतं. पाऊल कसलं, अर्धंच. चार बोटं आणि चवडा, मागे काही नाही. सिमेंटच्या धुळीचं, पांढरंफटक, अगदी ठसठशीत.

घरात त्या वेळी दोनच माणसं होती. एक मी. दुसरे माझे सासरे, आणि त्यांना दीड वर्षापासून चालता येत नव्हतं.

हे असं पाऊल तिथे उमटायची सोय मीच करून ठेवली होती. अर्थात तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. आधी ते सांगते.

आमच्याकडे नवीन किचन होत होतं. सगळं पांढरं. कपाटं पांढरी, ओटा पांढरा, भिंतीच्या टाइल्स पांढऱ्या. नवऱ्याने कशालाही नाही म्हटलं नाही, आणि खरं तर मला पहिला धक्का तेव्हाच बसायला हवा होता. हा माणूस पायपुसणं घ्यायचं तर तीन दुकानं फिरवतो आणि शेवटी म्हणतो, जुनं काय वाईट आहे. तो थंडी सरता सरता एक दिवस जेवताना आपणहून म्हणाला, "तू आता घरीच असतेस, तर किचन तरी तुझ्या मनासारखं करून घे." माझा घास हातातच राहिला. मी वहिनीला फोन करून सांगितलं की तुझा नंदोई सुधारला. तीही गार पडली.

घरीच असतेस, हे खरं होतं. त्याआधी मी कापडगिरणीत तपासणीला होते. छापलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जातं आणि आपण दोष हुडकायचा. कुठे धागा सुटलाय, कुठे रंगाचा थेंब पडलाय, कुठे फुलाची पाकळी केसभर सरकलीय. ऐकणाऱ्याला जांभई येते, पण मला त्या टेबलापाशी उभं राहिलं की बरं वाटायचं. अख्ख्या ताग्यातला एक टिपका मी बोलता बोलता पकडायचे. विभागातल्या बायका म्हणायच्या, हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही.

मग सासरे बाथरूममध्ये घसरून पडले. जन्मभर पोस्टमन म्हणून पायी टपाल वाटलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून लांबवर चालून येणारा. कंबरेचं हाड मोडलं, ते जोडलं गेलं, पण पाय काही उठेनात. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, हळूहळू चालवा. चालवायला गेलं की त्यांचे पाय लटलट कापायचे, कपाळावर घाम यायचा, आणि आम्ही रडकुंडीला येऊन त्यांना पुन्हा चाकांच्या खुर्चीत बसवायचो. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तीही शेवटी हात टेकून यायची थांबली. सासूबाई आधीच गेलेल्या, आमची लेक शिकायला बाहेरगावी. कोणीतरी घरी राहायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, यावर आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही. मी नोकरी सोडली.

सकाळी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. जेवणानंतर पत्त्यांचा एखादा डाव. पत्त्यांत ते लबाडी करायचे, राजा मांडीखाली दडवायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा. चहाच्या वेळी कोमट पाण्याने पाय पुसून तेल लावायचं. हे सगळं मी कुरकुर न करता केलं असं म्हणणार नाही, पण केलं. आणि माझा जीव जडला त्यांच्यावर, तेही खरं.

तर किचनची राहता राहिली होती फरशी. कपाटं आधी आणि फरशी नंतर, असा उलटा कारभार सुताराच्या सोयीने झाला होता. जुनी फरशी उखडून खाली नुसतं सिमेंट, त्याची धूळ सगळीकडे, आणि दारात चार बोटं खोल पायरी झालेली. स्वयंपाक मी हॉलमध्ये एका शेगडीवर करत होते. चाकांची खुर्ची किचनमध्ये उतरतच नव्हती, त्यामुळे सासऱ्यांनी नवीन किचन फक्त दारातूनच बघितलं होतं, असं मी समजत होते.

फरशीच्या दुकानातली बाई फटकळ होती. मी कपाटाच्या रंगाचा तुकडा तिच्यापुढे धरला तर म्हणाली, "पांढऱ्याला पांढरी घातलीत तर दवाखाना होईल. राखाडी घातलीत तर पाहुणे छान म्हणतील आणि विसरून जातील. लाकडासारखी दिसणारी घातलीत तर घराला ऊब येते, पण पिवळट रंग बघून घ्या, पांढरी कपाटं त्याच्यापुढे मळकी दिसतात."

"आणि ही काळी?" मी विचारलं. माझा डोळा केव्हाचा तिच्यावर होता. काळी कुळकुळीत, चमक नसलेली, हात फिरवला तर पाटीसारखी.

"काळी घातलीत तर बघत राहाल. पण चुगलखोर आहे ती. पाण्याचा थेंब पडू दे, पिठाचा कण पडू दे, कोणी अनवाणी चालू दे, सगळं सांगते. दोनदा पुसायची तयारी असेल तरच घ्या."

नवरा शेजारी उभा होता. "हिला आवडेल ती," एवढंच म्हणाला.

त्या दुकानाची पद्धत अशी की नमुने घरी देतात. ती म्हणाली, "आमच्या दिव्यांखाली सगळंच छान दिसतं. घरी न्या, अंथरा, त्यांच्यावरून वावरा, मग सांगा." म्हणून मी प्रत्येक रंगाच्या दोन-दोन फरश्या घरी आणल्या. खिडकीखाली पांढऱ्या, सिंकपाशी राखाडी, भिंतीकडे लाकडी आणि उंच कपाटासमोर काळ्या मांडल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पुसून दारात उभी राहून बघायचे. नवरा म्हणायचा, "परीक्षेला बसलीयेस का?" फरशी बसवणारा मिस्त्री शनिवारी सकाळी उत्तर मागायला येणार होता.

शनिवारी आणखी एक उत्तर द्यायचं होतं. बुधवारी गिरणीतून आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंचा फोन आला. माझ्या जागेवर जी होती ती लग्न होऊन दुसऱ्या गावी चालली होती. "तू येणार असशील तर मी दुसरीला बोलावत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत कळव. पुन्हा जागा निघेल असं नाही, मीही आता किती दिवस असणार." फोन ठेवल्यावर मी उगाचच डोळे धुऊन आले. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने भाताकडे बघत म्हटलं, "बाबांना टाकून कशी जाणार? पण तू ठरव." सासरे खुर्चीत बसून घास चिवडत होते. आता यात मी काय ठरवणार होते? मनातल्या मनात मी नाही म्हणून टाकलं होतं, फक्त फोन करायचा बाकी होता. निदान किचन तरी मनासारखं झालं, अशी स्वतःची समजूत घालत होते.

आणि शुक्रवारी ते पाऊल.

पहिल्यांदा वाटलं चोर. पण बाहेरचं दार आतून बंद होतं, कडीसकट. मग वाटलं सुतार. सुतार बूट घालून वावरतो आणि दोन दिवस फिरकलाही नव्हता. फरशी मी सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, स्वतः पुसली होती. माझंच असेल म्हणून मी शेजारी पाय ठेवून बघितला. माझं पाऊल त्याच्या पुढे लेकराचं दिसत होतं.

मग मी खाली बसले आणि ते पाऊल नीट बघितलं, गिरणीत बघायचे तसं. चार बोटं. अंगठा, मग एका बोटाची मोकळी जागा, मग तीन बोटं. अंगठ्याशेजारचं बोट जमिनीला टेकलेलंच नव्हतं.

ते बोट मला माहीत होतं. ते अंगठ्यावर चढून बसलेलं आहे. पोस्टाच्या बुटांनी दिलेलं बक्षीस, असं सासरे म्हणायचे. दीड वर्ष मी त्याच्या खालून कापूस फिरवत होते, तेल लावत होते, नख काढताना जपत होते. जगात असं दुसरं पाऊल असेलही, पण ते आतून कडी लावलेल्या माझ्या घरात कशाला येईल?

तरी मन मानेना. बाबा दोन पावलं टाकतात ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. ते इथवर, या पायरीवरून उतरून, कसे येतील? आणि आले तर टाच कुठे गेली?

मी वर बघितलं. उंच कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा होता. सासऱ्यांना साखर वर्ज्य, म्हणून तो मी मुद्दाम तिथे ठेवलेला. मला स्टूल लागतं. तो डबा सारखा रिकामा होतो म्हणून मी आठवड्यापूर्वीच नवऱ्याला फैलावर घेतलं होतं, आणि त्याने मान खाली घालून कबूलही केलं होतं, "हो, मीच खाल्ली." स्टूल ओढून मी डबा काढला. अर्ध्याच्या खाली गेला होता.

टाच नव्हती, कारण माझे सासरे टाचा उचलून उभे राहिले होते.

मी स्टुलावरच बसले. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, माझ्या पायाखाली तर फरशीसुद्धा नव्हती. किती वेळ बसले कोण जाणे. राग नव्हता आलेला, रडू नव्हतं आलेलं. डोकं नुसतं सुन्न, आणि त्यात एकच वेड्यासारखा विचार, की आता हा डबा कुठे ठेवायचा. मग उठून मी त्या पावलावर मोठं ताट पालथं घातलं, पुसलं जाऊ नये म्हणून. का घातलं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. तपासणीत दोष सापडला की त्यावर खूण करून ठेवायची सवय, तीच असावी.

सासऱ्यांच्या खोलीत गेले तर ते पलंगावर आडवे, चादर गळ्यापर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले. मी रोजच्यासारखं कोमट पाण्याचं तसराळं आणि टॉवेल घेऊन पायथ्याशी बसले. चादर वर केली. पाय वरून स्वच्छ होते. हुशारीने पुसलेले. मी उजवा पाय पाण्यात धरला आणि त्या चढलेल्या बोटाच्या खालून अंगठा फिरवला.

पाणी दुधाळ झालं.

मी पाण्याकडे बघत राहिले. वर बघितलं तर सासऱ्यांचे डोळे उघडे, तेही पाण्याकडे बघत होते.

"फरशी कुठली ठरली?" त्यांनी विचारलं.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, कधीपासून?"

ते उशीवर जरा वर सरकले. मग म्हणाले, "आधी खरंच येत नव्हतं गं. तुझी शपथ. पडलो त्यानंतर बरेच महिने खरंच येत नव्हतं."

"आणि मग?"

"मग थंडीत एक दिवस तू बाजारात गेली होतीस. तहान लागली. हाक मारली तर कोणी नाही. उठलो, आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत लक्षातच आलं नाही की मी चालत गेलो."

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं. "मी तुमचे पाय धरून उभं करत होते, बाबा. तुमचे पाय कापायचे तर मला रात्रभर झोप लागायची नाही. मी त्या व्यायामवाल्या मुलीला फोन करून भांडले, की तुझ्या हलगर्जीपणामुळे माझ्या सासऱ्यांचे पाय गेले."

"हो. ते ऐकलं मी."

"ऐकलंत?"

त्यांनी चादरीचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "चालायला लागलो असतो तर तू कामावर गेली असतीस," ते म्हणाले. "ही गेल्यानंतर, तुम्ही दोघं बाहेर पडलात की घरात मी एकटा. सकाळी कुलूप लावल्याचा आवाज कसा यायचा, तुमच्या लक्षात आलंय कधी? बाहेरून लावायचात, मला उठावं लागू नये म्हणून. तो ऐकला की वाटायचं, झालं, आता संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. पाय गेले आणि घरात माणूस आलं. तू पेपर वाचायचीस, पत्ते खेळायचीस. पायांचं काय मोठंसं वाटलं नाही मग."

"पेपर तुम्हाला वाचता येतो, बाबा."

"येतो," ते म्हणाले. "पण मग भांडायला कोण?"

एरवी मी हसले असते. आम्ही पेपरातल्या बातम्यांवरून तावातावाने भांडायचो, आणि मला ती भांडणं आवडायची. त्या क्षणी मला त्या माणसाची माया आली आणि त्याच क्षणी वाटलं, हे तसराळं त्याच्या अंगावर ओतावं. दोन्ही एकदम. मी काहीच केलं नाही. पाय पुसला, दुसरा पाय धुतला, तोही पुसला, कारण हातांना तेवढंच येत होतं. तेल मात्र लावलं नाही.

"तुमच्या मुलाला हे कळलं तर काय होईल त्याचं?" मी उठता उठता म्हटलं. "जीव टाकतो तो तुमच्यासाठी."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, शरमले.

संध्याकाळपर्यंत मी घरात नुसती फिरत होते. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तो ओतून दिला. खरं सांगायचं तर मला नवऱ्याचीच काळजी लागली होती. त्याला कसं सांगायचं, त्याला किती लागेल, मग बापलेकांचं काय होईल, याचीच मनात जुळवाजुळव चालली होती. बाबांची बाजू कशी मांडायची, तेसुद्धा मी ठरवलं. म्हातारपणी माणूस एकटेपणाने असं वागतो, समजून घे, वगैरे. मी, त्यांची वकील. आणि मग आम्ही तिघं बसून ठरवू, आणि मग मी मोठ्या बाईंना फोन करीन, असं सगळं माझं ठरलं होतं.

नवरा आला. हातपाय धुतले. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "किचनमध्ये ये जरा. घाबरू नकोस."

तो आला. मी ताट उचललं. तो वाकला, त्या पावलाकडे बघितलं, कंबरेवर हात ठेवून सरळ झाला आणि म्हणाला, "काळीला हाच ताप आहे. राखाडी घेऊ या आपण. हे पुसून टाक."

मी ताट हातात घेऊन उभीच होते. तो माझ्याकडे न बघता राखाडी नमुन्याकडे गेला आणि बोटाने धूळ पुसत म्हणाला, "हिच्यावर काही दिसत नाही बघ."

"कोणाचं पाऊल आहे, विचारलं नाहीस तू," मी म्हटलं.

तो थांबला. बोट फरशीवरच राहिलं.

माझ्या हातातलं ताट सुटलं. सिमेंटवर पडून गरगरत राहिलं, आणि त्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मी कपाटाचं दार धरलं. नवीन, पांढरं, माझ्या पसंतीचं.

"कधीपासून माहीत आहे?"

"अगं, ऐक तर."

"कधीपासून?"

"तू चष्म्याचा नंबर काढायला गेली होतीस बघ, त्या दिवशी मी लवकर आलो. तर बाबा इथे खिडकीशी उभे. मलाही धक्काच बसला. ते म्हणाले, इतक्यात तिला सांगू नकोस. मी म्हटलं, सांगायला तर हवं. मग विचार केला, जरा थांबू." त्याने हात झटकले. "घर छान चाललं होतं ना. बाबा खूश होते, जेवण वेळेवर, मला कसली काळजी नाही. तुलाही वाटत होतं की बरं चाललंय."

चष्म्याचा नंबर मी थंडी सरता सरता काढला होता. त्याच आठवड्यात हा जेवताना म्हणाला होता, किचन तरी तुझ्या मनासारखं करून घे. मी ती पांढरी कपाटं एकेक करून बघितली. ढकलले की आवाज न करता आपोआप बंद होणारे खण. कोपऱ्यातला फिरता रॅक, ज्याच्यासाठी मी भांडायची तयारी केली होती आणि भांडावंच लागलं नव्हतं. मी वहिनीला काय काय सांगितलं होतं याच्याबद्दल.

"म्हणजे हे किचन त्याची भरपाई आहे?" मी विचारलं.

"मला वाईट वाटत होतं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. त्यात काय चुकलं?"

"परवा गिरणीतून फोन आला तेव्हा तू भाताकडे बघत म्हणालास, बाबांना टाकून कशी जाणार."

त्याने राखाडी नमुना पायाने सरळ केला.

"बाबा तिथेच बसले होते."

बाबा चालत होते, घर चाललं होतं, मी तेवढी बसले होते. दोघांनी मिळून बसवलं होतं मला, आणि वर मला विचारत होते की काळी हवी की राखाडी. मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, मग दोन्ही थांबलं. नवरा पुढे आला तर मी हात आडवा केला. ताग्यातला टिपका पकडणारी बाई मी. राजा मांडीखाली जाताना बघून गप्प बसणारी बाईही मीच.

मी तिथेच, त्या धुळीत उभी राहून, मोठ्या बाईंना फोन लावला. त्यांनी हॅलो म्हणायच्या आत म्हटलं, "सोमवारी येते."

"सासऱ्यांचं काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"ते चालतात," मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, आणि माझं मलाच ते खोटं वाटलं.

फोन ठेवून वळले तर सासरे किचनच्या दारात उभे होते. खुर्चीशिवाय. एक हात चौकटीवर, पायरीच्या काठाशी पायाची बोटं. मी त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं इतक्या दिवसांत. ते उंच होते. मी विसरलेच होते की ते माझ्यापेक्षा कितीतरी उंच आहेत. मी त्यांच्या शेजारून बाहेर निघाले तर त्यांनी अंग चोरून मला वाट दिली.

शनिवारी मिस्त्री आला. "कुठली ठरली मग?" त्याने विचारलं.

"काळी," मी म्हटलं.

नवरा चहाचा कप घेऊन आला होता. त्याला राहवलं नाही. "दुकानातली बाई काय म्हणाली आठवतंय ना? दोनदा पुसावी लागते."

"आठवतंय. एकदा सकाळी तू ऑफिसला जायच्या आधी, एकदा दुपारी बाबा. चालतात ते आता."

मिस्त्रीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि माप घ्यायला लागला.

सोमवारी सकाळी अर्धी फरशी बसली होती. दारापासून सिंकपर्यंत काळी, पुढे सिमेंट. पांढरी कपाटं तिच्यावर खरंच बघत राहावी अशी दिसत होती, दुकानातली बाई खोटं बोलली नव्हती. मी डबा भरला, पर्स घेतली. नवरा गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता आणि पुसलेल्यावरूनच मागे सरकत होता, म्हणजे पुन्हा पुसायची. मी त्याला सांगितलं नाही.

बाहेरच्या दाराशी सासरे उभे होते. आंघोळ केलेले, केस विंचरलेले, हातात पेपर.

"किती वाजता येशील?" त्यांनी विचारलं.

"सहा वाजतील."

"कुलूप लावू नकोस बाहेरून," ते म्हणाले. "मी आतून कडी लावून घेतो."

मी हो म्हटलं. चपला घालायला वाकले तर त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते, ते चढलेलं बोट, आणि ते पाय कापत होते. आधी घोटे, मग पोटऱ्या, लटलट, पहिल्यासारखे. माझा हात आपोआप पुढे गेला, त्यांच्या कोपराकडे, रोज जायचा तसा.

मग तो अर्ध्यावर थांबला. मी त्या पायांकडे बघत राहिले. इतकी वर्षं उजेडाच्या टेबलापाशी काढली, पण ते खरंच कापत होते की नाही, ते मला ओळखता येईना. त्यांनीही काही सांगितलं नाही. खाली गिरणीच्या बसचा हॉर्न वाजला.

मी पर्स त्या हातात घेतली आणि जिना उतरले. मागून कडी लागल्याचा आवाज आला.